संवादी प्रलेखन-साधने

संगणकाची आज्ञावली लिहीत असताना लागणारी माहिती, म्हणजे एखाद्या आज्ञेचा अर्थ, फलनास द्यावयाच्या मूल्यांचा क्रम व प्रकार, मिळणाऱ्या उत्तराचे स्वरूप, अपवाद व धोके, ज्या पडद्यावर काम चालू आहे तेथेच, प्रश्न करताच पुरविणाऱ्या साधनांस संवादी प्रलेखन-साधने म्हणतात. प्रलेखन म्हणजे आज्ञावलीचे वर्णन करणारे लेखन. ते छापील पुस्तिकेच्या रूपातही असू शकते. तथापि त्यास ‘संवादी’ हे विशेषण लागू होण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात : विचारलेल्या नेमक्या नावापुरतेच उत्तर मिळावे आणि ते मिळविण्यासाठी आज्ञावलीकारास हातातील काम सोडावे लागू नये. फलन ही संज्ञा येथे गणितातील अर्थाशी नाते राखूनच वापरली आहे. दिलेल्या मूल्यांवर ठराविक प्रक्रिया करणारा व स्वतःचे नाव असलेला आज्ञावलीचा भाग म्हणजे फलन होय. आजच्या प्रचलित संगणकीय भाषांबरोबर अशी हजारो फलने तयार मिळतात. ती सर्व कोणाच्याही स्मरणात राहणे शक्य नाही व अनुभवी आज्ञावलीकार तसा प्रयत्नही करीत नाहीत; कोठे पाहावयाचे हे त्यांना ठाऊक असते.

संदर्भाचे तीन मार्ग : संदर्भ शोधण्याच्या रीती कोणत्या व त्यांत उणे-अधिक काय, हे समुद्रकिनाऱ्यावरील एका उदाहरणाने चांगले स्पष्ट होते. पूर्ण भरती केव्हा येणार हे तिथीवरून काढण्याची रीत कोकणात जुनी आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे दुपारी किंवा मध्यरात्री बारानंतर किती तासांनी भरती पूर्ण होईल ते मिळते : चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. भरतीची वेळ रोज सु. ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने पाऊण तासाचा हा गुणक कामापुरता बरोबर येतो. मात्र ही रीत कोणत्या बंदरासाठी आहे, हे ती स्वतः सांगत नाही. मालवण, वेंगुर्ले या बंदरांतील भरती मुंबईच्या भरतीच्या आधी येते व हा फरक जाणत्याने मनातल्या मनात करावयाचा असतो. दुसरा मार्ग कोष्टकाचा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रमुख बंदरांच्या भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. ती नेमकी असतात. पण त्या वर्षापुरतीच व त्या बंदरापुरतीच. गेल्या वर्षीचे कोष्टक हाताशी असणे हे कोष्टक मुळीच नसण्याहून अधिक घातक ठरू शकते, कारण त्यातही आकडा असतोच आणि तो खात्रीचा वाटतो. तिसरा मार्ग म्हणजे धक्क्यावर जाऊन खडकावरील पाण्याची रेघ पाहणे.

आज्ञावलीकारापुढेही हेच तीन मार्ग असतात : स्मरणातील नियम, ग्रंथातील वर्णन आणि प्रत्यक्ष चालू असलेली प्रणाली. प्रत्येक संगणकीय भाषेच्या व फलनसंग्रहाच्या आवृत्त्या निघत असतात, कधी वर्षास एक तर कधी महिन्यास एक. एका आवृत्तीत असलेले फलन दुसरीत नसते, मूल्यांचा क्रम बदलतो, जुने नाव राहून अर्थ पालटतो. त्यामुळे संदर्भाचे मोल त्यातील माहितीच्या विपुलतेपेक्षा ती माहिती आपल्यापुढील आवृत्तीची आहे किंवा नाही यावर ठरते. संवादी साधनांचे खरे वैशिष्ट्य वेगात नसून येथे आहे. त्यांत वर्णन हे वर्ण्य वस्तूच्या पोटातच ठेवलेले असते व तिच्याबरोबरच प्रवास करते.

पूर्वस्थिती : मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुढे टिफ्रॅक या नावाने ओळखला गेलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. अशा यंत्रांच्या काळात फोर्ट्रान भाषेतील आज्ञावली छिद्रित पत्रांवर उतरवून यंत्राकडे पाठवावी लागे आणि उत्तर काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी कागदावर छापून हाती येई. यंत्राशी समोरासमोर गाठच पडत नसल्याने त्याला काही विचारण्याचा प्रश्न नव्हता. संदर्भ म्हणजे निर्मात्याने पुरविलेली जाडजूड पुस्तिका. एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणारी काल-सहभाजनाची पद्धत मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६१ साली प्रत्यक्षात आली आणि माणूस कळफलकासमोर बसून यंत्राशी देवघेव करू लागला. संवादी प्रलेखनाची शक्यता येथून सुरू होते.

यूनिक्सची पुस्तिका : या विषयातील सर्वांत प्रभावी नमुना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडला. केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी रचलेल्या यूनिक्स या परिचालन प्रणालीच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. ती लिहिली जावी यासाठी त्यांचे विभागप्रमुख डग्लस मॅकिलरॉय यांनी आग्रह धरला होता. पुस्तिकेचे सात विभाग होते व प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र पृष्ठ दिले होते. प्रत्येक पृष्ठाची मांडणी सारखी : नाव, वापराचा साचा, वर्णन, संबंधित फाइली, ‘हेही पहा’ आणि दोष. आपण केलेल्या वस्तूतील ज्ञात दोष तिच्याच अधिकृत वर्णनात लिहून ठेवण्याची ही प्रथा त्या काळच्या व्यापारी पुस्तिकांत सहसा आढळत नसे. ती टिकून राहिली आणि तिने पुढील पिढ्यांस प्रामाणिक प्रलेखनाची सवय लावली असे म्हणावयास हरकत नाही.

ही पृष्ठे संगणकावरच साठविलेली असल्याने ‘मॅन’ ही आज्ञा व तिच्यापुढे हव्या त्या आज्ञेचे नाव टंकलिखित केले की ते पृष्ठ पडद्यावर येऊ लागले. तथापि यात एक अडचण होती. पृष्ठ मिळण्यासाठी नाव आधी माहीत असावे लागे, आणि नवशिक्यास नेमके तेच माहीत नसते. छापील पुस्तिकेत यावर उपाय म्हणून फिरत्या शब्दांची सूची जोडलेली असे : प्रत्येक पृष्ठाच्या एका ओळीच्या वर्णनातील महत्त्वाचा प्रत्येक शब्द आळीपाळीने अग्रस्थानी आणून वर्णानुक्रमाने लावलेली सूची. ही कल्पना आयबीएम कंपनीतील हान्स पेटर लून (१८९६–१९६४) यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रीय लेखांच्या सूचींसाठी रूढ केली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील यूनिक्स-आवृत्त्यांत ‘ॲप्रोपॉस’ ही आज्ञा आली. तिला विषयाचा शब्द दिला की ज्या पृष्ठांच्या एका ओळीच्या वर्णनात तो शब्द आहे त्यांची यादी मिळते. नावावरून अर्थ आणि अर्थावरून नाव असा दुहेरी शोध त्यामुळे शक्य झाला. शब्दकोश आणि समानार्थी शब्दांचा कोश एकत्र बांधावेत तसे हे झाले.

स्ववर्णनाची कल्पना : यूनिक्सची पृष्ठे आज्ञेच्या शेजारी होती, आज्ञेच्या आत नव्हती. पुढील पाऊल दुसरीकडे पडले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या टॉप्स-२० या परिचालन प्रणालीत आज्ञा अर्धवट लिहून प्रश्नचिन्ह टंकलिखित केले, की त्या ठिकाणी पुढे काय काय लिहिता येईल याची यादी येई आणि लिहिलेला भाग तसाच राही. प्रश्न विचारण्याची ही रीत इतकी सहज ठरली, की आज जाळ्याचे मार्गनियंत्रक यंत्र हाताळणारे तंत्रज्ञही तीच वापरतात, बहुधा तिचे मूळ ठाऊक नसताना.

मॅसॅचूसेट्स येथे १९७६ पासून रिचर्ड स्टॉलमन व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेल्या ईमॅक्स या मजकूर-संपादकाने स्वतःचे वर्णन ‘स्वतःचे प्रलेखन स्वतः करणारा’ असे केले. त्यातील प्रत्येक फलनाच्या व्याख्येत काही ओळींचा मजकूर लिहिलेला असे आणि कळ दाबून फलनाचे नाव दिले की तो वाचावयास मिळे. वापरणाऱ्याने स्वतः एखादे फलन लिहिले, तर त्याचाही मजकूर त्याच रीतीने दिसे. निर्मात्याचे आणि वापरणाऱ्याचे लेखन यांत यंत्र भेद करीत नसे. १९८४ च्या कॉमन लिस्प या भाषेच्या वर्णनात ही सोय भाषेचाच भाग झाली. याच सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात तयार झालेल्या स्मॉलटॉक या भाषेत संपूर्ण प्रणालीची रचना एका खिडकीत चाळता येत असे आणि कोणत्याही भागाचा मूळ आज्ञालेख तेथेच उघडता येई.

महाराष्ट्रातील वर्गांत : आपल्याकडील हजारो विद्यार्थ्यांना या प्रकारच्या साधनाची पहिली ओळख बोर्लंड कंपनीच्या टर्बो सी व टर्बो सी प्लस प्लस यांच्या निळ्या पडद्यावर झाली. एखाद्या फलनाच्या नावावर कर्सर नेऊन कंट्रोल व एफ-१ या कळा एकत्र दाबल्या की त्या फलनाचे वर्णन, लागणाऱ्या शीर्षफाइलीचे नाव आणि बहुधा एक लहानसे उदाहरण खिडकीत येई. पुस्तके महाग व ग्रंथालयातील प्रती अपुऱ्या असलेल्या तंत्रनिकेतनांत ही खिडकी एखाद्या शिक्षकाइतकी उपयोगी पडली. उदाहरण उचलून चालवून पाहता येई, हा त्यातील मोठा गुण.

परंतु आवृत्तीचा वर सांगितलेला धोकाही येथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. ही प्रणाली १९९०च्या दशकाच्या आरंभीची. सी प्लस प्लस या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये ठरले आणि त्यात शीर्षफाइलींची नावे व अनेक नियम बदलले. तरीही कित्येक महाविद्यालयांत टर्बो सी प्लस प्लस त्यानंतर दीर्घ काळ शिकविले जात राहिले. त्यातील साहाय्य-खिडकी खोटे काहीच सांगत नव्हती. ती आपल्या यंत्राशी पूर्णपणे प्रामाणिक होती. यंत्रच जुने झाले होते. तेथे शिकलेला विद्यार्थी नोकरीच्या ठिकाणी गेल्यावर त्याची शीर्षफाइल नव्या कंपायलरला सापडेना आणि पडदा पुसण्याचे त्याच्या सवयीचे फलन तेथे अस्तित्वातच नसे. वर्णन वस्तूशी जुळते एवढे पुरेसे नाही; वस्तूही चालू काळाची असावी लागते.

आधुनिक रूप : १९९१ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या पायथॉन या भाषेने फलनाच्या आरंभीच वर्णनाचा मजकूर लिहिण्याची पद्धत सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविली. या मजकुरास डॉकस्ट्रिंग म्हणतात. २००१ मध्ये त्या भाषेत असे मजकूर शोधून मांडणारे साहाय्य-साधन अंतर्भूत झाले. त्याच वर्षी फर्नांडो पेरेझ यांनी आयपायथॉन हे संवादी आवरण लिहावयास घेतले. त्यात नावापुढे एक प्रश्नचिन्ह लिहिले तर वर्णन मिळते, दोन लिहिली तर शक्य तेथे मूळ आज्ञालेखच पडद्यावर येतो. वर्णनावर विश्वास नसेल त्याने वस्तू उघडून पाहावी, असा त्याचा अर्थ. संख्याशास्त्रज्ञांच्या आर या भाषेतही प्रश्नचिन्हाने पृष्ठ उघडते. जावा भाषेत मात्र आज्ञालेखातील ठराविक खुणांच्या टिपणांतून स्वतंत्र पृष्ठे तयार केली जातात.

२०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने इतर दोन कंपन्यांसह भाषा-सेवकासाठी एक सामाईक संकेत जाहीर केला. त्यापूर्वी प्रत्येक संपादकाला प्रत्येक भाषेसाठी वेगळी साहाय्य-व्यवस्था लिहावी लागे. वीस संपादक व तीस भाषा असल्या तर सहाशे व्यवस्था. सामाईक संकेतामुळे प्रत्येक भाषेने एक सेवक व प्रत्येक संपादकाने एक ग्राहक लिहिला की पन्नासांत काम भागते. आज नावावर दर्शक नेताच वर्णनाचा जो लहान चौकोन उमटतो त्यामागे बहुधा ही व्यवस्था असते.

रचना व कार्य : अशा साधनाचे आतील काम समजण्यासाठी वरील भरतीचेच उदाहरण घेऊ. मालवणच्या एखाद्या विद्यार्थ्याने तिथी दिली असता भरतीची वेळ देणारे फलन पायथॉनमध्ये लिहिले असे समजा. त्याच्या पहिल्या ओळीत नाव व घ्यावयाचे मूल्य येते. त्याखाली अवतरणांत तो लिहितो : हे फलन १ ते १५ पर्यंतचा तिथीचा अंक घेते, बारानंतरचे तास देते, वेळ अंदाजी असून बंदरनिहाय फरक यात धरलेला नाही, उदा., ४ दिल्यास उत्तर ३. पायथॉनचा अर्थबोधक ही व्याख्या वाचताना तो मजकूर फेकून न देता त्या फलनाशी जोडून स्मृतीत ठेवतो. पुढे कोणी नाव देऊन साहाय्य मागितले, की साधन चार गोष्टी करते : त्या क्षणी त्या नावाने कोणती वस्तू ओळखली जाते ते पाहते, तिच्या व्याख्येवरून मूल्यांची यादी स्वतः काढते, जोडलेला मजकूर उचलते आणि हे सर्व मांडून दाखविते. यांतील मूल्यांची यादी कोणी हाताने लिहिलेली नसल्यामुळे ती सहसा चुकीची नसते. मजकूर मात्र माणसाने लिहिलेला असतो.

दोष येथूनच शिरतो. समजा, दुसऱ्या एका विद्यार्थ्याने चांद्रमासाच्या ३० तिथींत २४ तास विभागून पाऊणऐवजी ०·८ हा गुणक घातला. आता चतुर्थीचे उत्तर तीन वाजून १२ मिनिटे येईल. वर्णनात मात्र तीन हाच आकडा राहील. यंत्र याबद्दल तक्रार करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने वर्णन हा निव्वळ मजकूर आहे. यावर पायथॉनमध्ये डॉकटेस्ट नावाचा उपाय आहे : वर्णनातील उदाहरणे विशिष्ट खुणेने लिहिली, तर ती उचलून प्रत्यक्ष चालविली जातात व लिहिलेले उत्तर आणि आलेले उत्तर यांत फरक पडला तर तो दाखविला जातो. आर भाषेच्या मध्यवर्ती संग्रहात फलनसंच स्वीकारला जाण्यापूर्वी त्याच्या पृष्ठांवरील उदाहरणे चालवून तपासली जातात. उदाहरण चालविणे ही प्रलेखनाची जितकी चांगली कसोटी आहे तितकी दुसरी सापडत नाही; तरीही ‘बंदरनिहाय फरक धरलेला नाही’ यासारख्या वाक्याची सत्यता यंत्राला तपासता येत नाही, आणि होडी घेऊन निघणाऱ्यास तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे असते.

प्रलेखन आणि प्रत्यक्ष वर्तन : यावरून प्रत्यक्ष चालवून पाहिले म्हणजे वर्णन वाचण्याचे कारण उरत नाही, असा समज होण्याचा संभव आहे. तो चुकीचा आहे. सी भाषेतील ‘मेमकॉपी’ हे फलन स्मृतीचा एक भाग दुसरीकडे उतरविते. दोन्ही भाग एकमेकांवर आलेले नसावेत अशी अट त्याच्या वर्णनात पूर्वीपासून होती व तशा प्रसंगी ‘मेममूव्ह’ हे फलन वापरावे असे सुचविलेले होते. अट मोडूनही अनेक यंत्रांवर उत्तर बरोबर येत असे, म्हणून काही आज्ञावलीकारांनी ती मोडली. २०१० मध्ये लिनक्सवरील सी फलनसंग्रहात वेगासाठी उतरविण्याचा क्रम बदलला गेला आणि फेडोरा १४ या प्रणालीवर अडोबी कंपनीच्या फ्लॅश या साधनाचा आवाज विकृत होऊ लागला. दोष कोणाचा यावर बराच वाद झाला. खडकावरची रेघ आज पाणी कोठे आहे ते दाखविते. उद्याची हमी देत नाही. हमी कशाची आहे व कशाची नाही हे सांगणे हे केवळ प्रलेखनाचेच काम आहे.

अधिक गंभीर उदाहरण ‘गेट्स’ या फलनाचे. कळफलकावरून ओळ वाचताना ती किती लांब असू शकेल याची मर्यादा ते घेत नाही. त्यामुळे लांब ओळ आली की शेजारच्या स्मृतीवर लिहिले जाते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्या वेळच्या इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस कृमीने यंत्रात शिरण्यासाठी जे मार्ग वापरले त्यांपैकी एक हाच होता. लिनक्सच्या पुस्तिका-पृष्ठावर या फलनाच्या वर्णनात ते कधीही वापरू नये अशी ताकीद आहे आणि सी भाषेच्या २०११ च्या मानकातून ते काढून टाकण्यात आले. असे असूनही आपल्याकडील प्रात्यक्षिकांच्या वह्यांत ते त्यानंतरही आढळते. पृष्ठ उघडून वाचण्यास काही क्षण पुरतात. पण ते उघडण्याची सवय अभ्यासक्रमात गुणांना पात्र नसते.

जाळ्याविना वापर : आज बहुतेक जण नाव लिहून आंतरजालावर शोध घेतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या स्थळाने अनेकांच्या दृष्टीने पुस्तिकेची जागा घेतली. तेथे सामान्यतः प्रश्नाची तारीख असते, आवृत्ती नसते; वाचणाऱ्याने ती ताडून पाहावयाची असते. शिवाय हा मार्ग जोडणीवर अवलंबून आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाड्यांपर्यंत विखुरलेल्या वाड्यांत पावसाळ्यात वीज व जाळे दोन्ही अनियमित असतात. २०२० च्या टाळेबंदीत संपर्क मिळावा म्हणून टेकडीवर जाऊन अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांची वृत्ते या जिल्ह्यातून आली होती. पुढच्याच वर्षी १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वीजपुरवठा मोठ्या प्रमाणावर खंडित झाला. अशा स्थितीत उसनवारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात पुस्तिका-पृष्ठे, पायथॉनचे साहाय्य-साधन व ईमॅक्सची माहिती-पृष्ठे ही जशीच्या तशी उपलब्ध राहतात, कारण ती यंत्रातच असतात. अनेक भाषांचे प्रलेखन एकदाच उतरवून घेऊन जाळ्याविना चाळता येईल अशी डॅश, झील, डेव्हडॉक्स यांसारखी साधनेही आहेत. त्यांत आवृत्ती निवडून घेता येते ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. कोकणातील महाविद्यालयांनी प्रयोगशाळेतील प्रत्येक यंत्रावर असे साधन बसविण्यास खर्च येत नाही. फक्त ते करावयास हवे.

मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमाने वेगळी वाट घेतली आहे. सुमारे दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रपाठात पडद्यावरील कृती दाखविली जाते व निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकविले जाते. विद्यार्थ्याने शेजारच्या खिडकीत तीच कृती करावयाची असते. हे पाठ जाळ्याविनाही वापरता येतात. हे संदर्भसाधन नव्हे, शिक्षण आहे. पण शिकविताना पडद्यावरचा इंग्रजी शब्द तसाच ठेवून त्याचे स्पष्टीकरण मराठीत करण्याची त्यांची पद्धत प्रलेखनासही उपयोगी पडण्याजोगी आहे.

भाषिक प्रतिमानांचे साहाय्य : नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सार्वजनिक झाल्यापासून प्रश्न साध्या वाक्यात, मराठीतही, विचारण्याची सोय झाली आहे. नाव माहीत नसलेल्यास नाव मिळवून देण्याच्या बाबतीत ही साधने ‘ॲप्रोपॉस’पेक्षा फार पुढे आहेत. मात्र त्यांचे उत्तर वाचलेल्या असंख्य मजकुरांच्या साच्यावरून जुळविलेले असते. ते कोणत्या आवृत्तीचे हे बहुधा सांगितलेले नसते आणि अस्तित्वात नसलेल्या फलनाचे नावही ती कधी कधी त्याच आत्मविश्वासाने देतात. म्हणून यंत्रातील अधिकृत पृष्ठे वाचून त्यांच्या आधारे उत्तर देण्याची जोड त्यांस दिली जाऊ लागली आहे. तशी जोड नसेल तेथे मिळालेले नाव एका प्रश्नचिन्हासह प्रत्यक्ष भाषेलाच विचारून पाहणे हा सोपा पडताळा होय. नाव खोटे असेल तर ती तत्काळ तसे सांगते.

मराठी आणि प्रलेखन : पायथॉनचे अधिकृत प्रलेखन जपानी, फ्रेंच, स्पॅनिश, कोरियन इ. भाषांत अनुवादित रूपात वाचता येते. मराठीत संगणकाच्या वापराची बाजू तुलनेने पुढे गेली. पुणे येथे रेड हॅट कंपनीच्या कार्यालयातून भारतीय भाषांसाठी लोहित हे मुक्त टंक व लिनक्सच्या पडद्यावरील मजकुराचे मराठी अनुवाद यांवर काम झाले. पण यादीतील शब्द मराठीत आणि त्यांचे स्पष्टीकरण इंग्रजीत अशी विसंगती त्यातून राहिली. फलनाच्या वर्णनातील ‘देते’, ‘घेते’, ‘बदलते’ ही क्रियापदे मराठीत अवघड नाहीत; अडतात त्या संज्ञा. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघण्यापूर्वी १९७३ मध्ये त्याचा परिभाषासंग्रह प्रसिद्ध करावा लागला होता, यामागील गरज हीच होती. आवृत्ती दर महिन्यास बदलणाऱ्या विषयात ग्रंथरूप परिभाषा मागे पडणार हे उघड आहे. म्हणून संज्ञा तशीच देवनागरीत ठेवून वाक्य मराठीत लिहिणे हा मार्ग प्रस्तुत लेखकास अधिक व्यवहार्य वाटतो.

तांत्रिक अडथळा आता उरलेला नाही. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ पासून वर्णनाचा मजकूरच नव्हे, तर फलनाचे नावही देवनागरीत लिहिता येते. वरील उदाहरणातील विद्यार्थ्याने आपल्या फलनास ‘भरतीची_वेळ’ असे नाव दिले व त्याखाली मराठीत चार ओळी लिहिल्या, तर साहाय्य मागणाऱ्यास त्या तशाच दिसतात, आणि त्यातील चतुर्थीचे उदाहरण डॉकटेस्टकडून तपासूनही घेता येते. मालवणच्या भरतीसाठी करावयाचा फरक मात्र त्याने बंदरावर विचारून लिहावयाचा आहे.